दोन गाण्यांमधली खोली

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण रचलेलं समजू नका. हे माझ्या थोरल्या बहिणीसमोर घडलंय. रविवारी, टळटळीत दुपारी. टायरच्या दुकानावरची ती खोली अजून तिथेच आहे.

खोली शेठची. 'शेठ' हे आपलं चेष्टेने. गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी त्याची छोटीशी कंपनी होती. मालक, हमाल, पोस्टमन सगळं तोच. मोठ्या कंपन्यांनी दारातून परत पाठवलेले गायक तो शोधून आणायचा. ताई त्याची जुनी मैत्रीण, रेकॉर्डिंग तीच करायची.

शेठ अचानक गेला.

ताईला रडू आलंच नाही. बाळाला पाजायची, दुपटी धुवायची, भिंतीकडे बघत बसायची. बस्स.

शेवटची रेकॉर्ड तेवढी अर्धवट होती. गाणी झाली होती.

राहिली होती शांतता.

शेठचा हट्टच तसा. दोन गाण्यांमध्ये मशीनची कोरी शांतता त्याला चालायची नाही. प्रत्येक रेकॉर्डसाठी तो या खोलीची शांतता टिपायचा, आणि तेव्हा स्वतः आत बसायचा. "रिकामी खोली भकास वाजते गं. माणूस बसलं की ऊब येते." श्वाससुद्धा दाबून धरायचा, येडा.

सोमवारी खोली सोडायची होती, म्हणून ताई रविवारीच ती शांतता टिपायला गेली. वहिनी, म्हणजे शेठची बायको, जिन्यात खोकी बांधत होत्या. ताई आत बसणार होती, पण बाळाने भोकाड पसरलं.

"अगं, मशीन चालू कर आणि घेऊन ये तिला बाहेर," वहिनी म्हणाल्या. "काय सूर लागलाय! तुझ्या शेठने हिचीही रेकॉर्ड काढली असती."

दार लावलं. आत कुणीच नव्हतं.

नंतर ताईने हेडफोन लावला.

भकास वाजत नव्हतं...

खोली भरलेली होती. उबदार. जुन्या रेकॉर्डवर वाजायची, अगदी तशीच.

आणि शेवटी, दाराची कडी वाजायच्या जरा आधी... कुणीतरी दाबून धरलेला श्वास सोडला.

ताईने हेडफोन वहिनींच्या कानांवर ठेवला. रेकॉर्डिंग संपलं, तरी त्या काढेनात.

"तूच होतीस ना गं आत?"

"मी तुमच्यासमोर जिन्यात होते, वहिनी."

वहिनी उठल्या. "मशीन परत चालू कर. आता मी बसते त्याच्याजवळ."

ताईने अडवलं नाही. बाळाला छातीशी धरून बाहेर उभी राहिली. बाळ आता चिडीचूप.

वहिनी बाहेर आल्या त्या हसतच. "बरं वाटलं गं," म्हणाल्या आणि खोकी घेऊन खाली गेल्या.

ताईने हे दुसरं रेकॉर्डिंग ऐकलं...

श्वास नाही. साडीची सळसळ नाही. स्टुलाची कुरकुर नाही.

खोली भकास वाजत होती.

वहिनी तर आत बसल्या होत्या!

रेकॉर्डवर पहिली शांतता गेली. दुसरी ताईने पुसून टाकली.

वहिनी ठणठणीत आहेत. जेवतात, चेष्टा करतात. तरी ताई रोज सकाळी त्यांना फोन करते, काहीबाही विचारते. आणि त्या बोलायच्या थांबल्या की... फोन कानाशी घट्ट दाबते.

एकदा मी न राहवून विचारलं, "ताई, त्यांचा श्वास येतो का गं ऐकू?"

तिने फोन ठेवला आणि निजलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून बसली.