एका नावाचे चौघे

संग्रहालयाच्या माणसाने तीन जुने साचे तिच्या टेबलावर ठेवले आणि हसत म्हणाला, "घ्या, तिघंही तुमच्या यजमानांच्याच नावाचे!" मग आठवण होऊन त्याने जीभ चावली. यजमानांना जाऊन महिनाच झाला होता.

मेलेल्यांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे मुखवटे ओतणं हे तिचं काम. आलेले साचे एका दर्यावर्दीचे, एका न्यायाधीशाचे आणि एका वैद्याचे होते. शतकं वेगळी, घराणी वेगळी, एकमेकांशी सुतराम संबंध नाही. नाव तेवढं एक. त्या नावाचं एक दालन उघडायची हौस संग्रहालयाला आली होती.

"करते," ती म्हणाली. तिला काहीच वाटलं नाही. नवरा गेल्यापासून तिला काही वाटतच नव्हतं. डॉक्टर 'संपलं' म्हणून निघून गेले, तेव्हा रडायचं सोडून तिने प्लास्टर कालवलं होतं आणि नवऱ्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता. शेजारणी तिला दगडाच्या काळजाची म्हणत, आणि त्यांचं चुकत होतं असं तिलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तो साचा फडक्यात गुंडाळून माळ्यावर पडला होता. दृष्टी गेलेल्या सासूबाई रोज विनवत, "अगं, ओत ना तो. एकदा त्याच्या तोंडावरून हात फिरवू दे." ती रोज "उद्या" म्हणे.

आधी दर्यावर्दी निघाला. रुंद जबडा, फुगीर गाल. नाकाशी मात्र तिचा हात थांबला.

जिवंत माणसाचा साचा घेताना श्वासासाठी नाकात नळ्या ठेवतात. मेलेल्याला कापसाचे बोळे पुरतात, आणि ते घालावेत तिथेच राहतात. नाकपुड्या बुजलेल्या दिसायला हव्या होत्या. इथे दोन खोल खड्डे होते. बोळे आत ओढले गेले होते.

जुन्या काळचं ढिसाळ काम, दुसरं काय, असं तिने स्वतःला समजावलं.

न्यायाधीशाचा चेहरा लांबुडका, ओठ पातळ. खड्डे तसेच. वैद्याचेही तसेच, जरा जास्तच खोल.

बोळा आत ओढायला श्वास लागतो.

"आई," तिने विचारलं, "ते गेले तेव्हा त्यांचा हात तुमच्या हातात होता ना?"

"होता की."

"गार होता?"

सासूबाईंनी तो हात पदरात गुंडाळून घेतला. "डॉक्टर म्हणाले गेला," त्या म्हणाल्या. "मग मी कशाला बघत बसू?"

तिने स्टूल ओढलं आणि माळ्यावरचा साचा उतरवला. तिच्याच हातांनी घेतलेला. बोळेही तिनेच घातलेले, नीट, घट्ट.

ओतलेलं प्लास्टर नेहमीसारखं तापलं, मग निवलं. साचा सुटला. तिने बघितलं नाही. तसाच मुखवटा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

म्हातारीची बोटं कपाळावरून उतरली, भुवयांवरून गेली, हनुवटीवरच्या लहानपणीच्या खोकेशी रेंगाळली. "माझंच लेकरू," त्या हसल्या.

मग बोटं वर सरकली.

करंगळी चाचपडत नाकपुडीत शिरली. पेरभर. मग आणखी थोडी.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "याने एवढं आत काय ओढलंय?"