समभार

आंबोलीचा चढ सुरू झाला आणि नव्वद किलोचा रणधीर घोरपडे चक्क गाणं म्हणत पुढे निघून गेला. मुग्धा आणि इरफान मागे धापा टाकत राहिले. तिघंही पन्नाशी ओलांडलेले, कोल्हापूरच्या एकाच कॉलेजात शिकलेले. अंध मुलांच्या वसतिगृहासाठी निधी जमवायला ते वेंगुर्ल्याहून नागपूरपर्यंत सायकलने निघाले होते. ‘समुद्र ते संत्री’ हे मोहिमेचं नावही रणधीरचंच. निधी किती जमेल देव जाणे, पण हौसेला मोल नसतं.

तिघांच्या मानेला बोटभर रुंदीचा काळा पट्टा होता. तो मुग्धाच्या प्रयोगशाळेत घडला होता. शिणलेल्या शरीराकडून मेंदूकडे जाणारा संदेश हा पट्टा वाटेतच अडवायचा आणि सोबत्यांच्या पट्ट्यांकडे पाठवायचा. सगळ्यात जास्त दमलेल्याचा शीण असा बाकीच्यांत वाटला जाई. तिने त्याला ‘समभार’ म्हटलं होतं. चाचण्या झाल्या होत्या त्या धडधाकट पोरांवर. केस पिकलेल्यांच्या मानेवर तो पहिल्यांदाच चढला होता.

“म्हंजे माझं दमणं तुम्ही खाणार?” निघताना रणधीरने विचारलं होतं.

“दमणं तुझं तुझ्याकडेच राहील. फक्त दमल्यासारखं वाटणार नाही.”

“वाटत न्हाई म्हंजे न्हाईच की! आण हिकडं.”

मुग्धा तेव्हा हसली होती.

कॉलेजपासूनचा त्यांचा एक नियम होता. जो आधी ‘दमलो’ म्हणेल, त्याने मुक्कामाला तिघांचे घामट कपडे धुवायचे. त्या धाकाने तिघांपैकी कुणी आजवर एकमेकांपुढे दम लागल्याचं कबूल केलं नव्हतं. मोडेन पण वाकणार नाही, अशातली ही जात.

घाटाच्या मध्यावर मुग्धाच्या छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. कळ डाव्या खांद्यातून कोपरापर्यंत उतरली. जबडा अवघडला. वय झालं आपलं, तिने मनाशी म्हटलं. शेजारी इरफानचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय रे, धुणं काढायचं का?” तिने कसंबसं विचारलं.

“हॅट! मी आत्ता कुठं गरम होतोय. स्वतःचं तोंड बघ आधी.”

वरच्या वळणावरून रणधीरचा आवाज आला, “या की लेकांनो! आज पाय नुसतं पळायलेत बघा! विशीतला झाल्यागत वाटायलंय!”

पट्टा तिने घडवला होता. आपल्याला होतंय ते कदाचित आपलं नसेल, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळायला हवं होतं? पण कपडे धुवायला लागू नयेत म्हणून बाई गप्प बसल्या. दोघांनी दात-ओठ खात पायडल मारले.

आणि एकाएकी पाटा उचलला गेला. खांदा मोकळा झाला, श्वास पोटापर्यंत पोचला.

“सुटले बाई एकदाची!” मुग्धा मोठ्याने म्हणाली.

“मीपण,” इरफान हसला. “चढ संपला वाटतं.”

चढ संपलेला नव्हता. वळणापलीकडे रणधीर रस्त्याच्या कडेला पालथा पडला होता. त्याला उताणं केलं तर चेहऱ्यावर त्रासाची एक रेघ नव्हती.

वाटेतल्या टेम्पोने त्यांना खाली दवाखान्यात आणलं. तरुण डॉक्टरीण तपासून बाहेर आली.

“हृदयविकाराचा मोठा झटका होता. आणलंत तेव्हाच ते गेलेले होते. पण निदान अर्धा तास तरी त्यांना कळा येत असणार. काही बोलले नाहीत?”

“येत होत्या,” मुग्धा म्हणाली. “आम्हाला येत होत्या.”

डॉक्टरणीला काही कळेना. मग मुग्धाने मानेकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. पोटरीची कळ कोणती आणि काळजाची कोणती, हे त्या पट्ट्याला ओळखता येत नव्हतं. ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. डॉक्टरीण शेवटपर्यंत ऐकून आत गेली.

व्हरांड्यातल्या बाकावर मुग्धा बसून राहिली. मित्राचं शेवटचं दुखणं आपण त्याच्यापासून चोरलं, आणि तो गेला त्या क्षणी आपण ‘सुटले’ म्हणालो. स्वतःची तिला शिसारी आली. छाती इतकी भरून आली की रडूही फुटेना. दुःखाला एवढं वजन असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

“मुग्धा,” शेजारून इरफान अगदी हळू म्हणाला, “रणधीर गेला, आणि मला काहीच वाटत नाहीये गं. आतून नुसतं शांत आहे. मी माणूस आहे की कोण?”

तिने वळून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. मानेवर पट्टा तसाच होता. तिच्याही.

“डॉक्टर!” तिने आतल्या बाजूला हाक मारली आणि स्वतःच्या पट्ट्याच्या कडीत बोट घातलं. छातीवरचा भार आणखी वाढत होता. पट्टा काढल्यावर तो तसाच राहिला, तर तो तिचा.

पण गेला तर?