पाण्याचा दिवा

जुनी गाडी घ्यायची हौस कुणाला असेल तर आधी हे ऐकून घ्या, मग काय ते ठरवा. ही हवेतली गोष्ट नाही. ज्या फिटरनं ती गाडी उघडली, त्याच्या गॅरेजात माझी रोजची बैठक. आणि ज्याच्यावर बेतलं, तोही माझ्या चांगला ओळखीचा. सगळे त्याला बारक्या म्हणायचे. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी बारक्याच.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री साडेदहाच्या सुमारास बारक्या वडिलांची व्हॅन घेऊन निघाला. वडील जाऊन तीन महिने झाले होते. व्हॅन दारात धूळ खात पडलेली, आणि पलीकडच्या गावात तिला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला उजाडताच गाडी हवी होती. बायको म्हणाली, पहाटे लवकर उठून जा. पण बारक्याला ती गाडी आणखी एक रात्र दारात नको होती. का, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

म्हाताऱ्यानं या व्हॅनमधून जन्मभर दुकानादुकानांत पाव पोचवले. बारक्याला गाडी शिकवली तीही हीच. शेवटी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि म्हातारा मागच्या खोलीत खाटेला खिळला. काही हवं असलं की डावी मूठ भिंतीवर आपटायचा. ठक ठक ठक. मग दम खायचा. परत ठक ठक ठक. बहुतेकदा पाणीच मागायचा. पाणी दिलं की पहाटे अंथरूण ओलं. चादरी धुऊन धुऊन बायकोच्या हातांची सालं निघाली. एक दिवस ती मोरीतच बसून रडली, तेव्हा बारक्यानं ठरवून टाकलं, दिवेलागणीनंतर आबांना पाणी द्यायचं नाही. तुम्ही नाक मुरडू नका. महिनोन् महिने चादरी धुवायला तुमच्यातलं कुणी आलं नव्हतं, आणि मीही गेलो नव्हतो.

असो. गाव मागे पडलं, विजेचे खांब संपले, आणि स्टिअरिंगच्या पलीकडे लाल दिवा लुकलुकायला लागला. कूलंटचा. म्हातारा त्याला पाण्याचा दिवा म्हणायचा. हा लागला की गाडीला तहान लागली समजायचं आणि एक पाऊलही पुढे न्यायची नाही, हे त्यानंच लेकाला शिकवलेलं.

बारक्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन निवू दिलं, फडकं धरून पाण्याच्या टाकीचं झाकण हळूहळू सैल केलं. टाकीनं तळ गाठला होता. त्यानं जवळची पाण्याची बाटली ओतली, दिवा विझला. दोन वळणं गेली नाहीत तोच पुन्हा लुकलुक. पुढे एक बंद पडलेला पेट्रोल पंप होता, नळाला मात्र पाणी होतं. तिथं गाडी लावून त्यानं बॉनेट उघडलं. टाकी परत रिकामी.

त्यानं फिटरला फोन लावला. फिटर झोपमोड झाल्याबद्दल आधी दोन शब्द बोलला, मग कामाचं विचारायला लागला. खाली ठिबकतंय का? बारक्यानं टॉर्च मारून पाहिलं, जमीन कोरडी. पाईप कुठं फुगलाय, चिरलाय? नाही. ऑइलची दांडी काढ, ऑइल दुधाळ झालंय का? नाही. मागून पांढरा धूर? तोही नाही. आणि काटा? काटा जागच्या जागी, इंजिन तापलेलंच नव्हतं.

फिटर म्हणाला, टाकी खुणेपर्यंत भर. भरूनही दिवा लागला तर सेन्सर गेलाय, दुसरं काही नाही. गाडीत म्हाताऱ्याचा जुना कॅन होता. बारक्यानं नळावर तो भरून आणला, टाकी भरली, चावी फिरवली. दिवा लुकलुकतच होता. बारक्याला हायसं वाटलं. सेन्सर तर सेन्सर.

"टाकीच्या बुडाशी वायर आहे, ती ओढून काढ," फिटर म्हणाला. "मग दिवा गप बसेल, नाहीतर सारखा जळत राहील. लुकलुकणार नाही."

बारक्यानं वायर काढली.

दिवा लुकलुकत होता. तीनदा. मग थांबला. परत तीनदा.

त्यानं चावी काढली. चावी हातात.

तीनदा. थांबला. तीनदा.

त्या रात्रीही असंच झालं होतं. भिंत वाजत होती. पलीकडे बारक्या टक्क जागा होता. नियम म्हणजे नियम, असं मनाशी घोकत पडला होता. मग भिंत वाजायची थांबली. सुटलो, असं वाटलं त्याला. आणि झोप लागली, चांगली गाढ. सकाळी पाहिलं तर म्हाताऱ्याचे ओठ फाटलेले, तोंड उघडं, खालचा एकुलता तिरका दात बाहेर, मूठ भिंतीलाच टेकलेली. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. चारचौघांनी मान हलवली. झालं.

फोन अजून चालूच होता. टाकीच्या शेजारीच ठेवलेला.

"बारक्या... तुझ्यासोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

फिटरनं फोन कानाला घट्ट दाबला.

"मग पाणी कोण पितंय?"

बारक्यानं टॉर्च टाकीवर धरली. इंजिन बंद. जमीन कोरडी. टाकीतलं पाणी खाली चाललं होतं. एकेक घोट. घट... घट... मध्ये दम खाऊन... घट.

टाकी रिकामी झाली.

आत दिवा लागला. तीनदा.

बारक्या पळाला नाही. पळून जाणार कुठं? त्यानं कॅन उचलला. नळावर गेला.

"घ्या आबा," म्हणाला. "घ्या..."

फोन कट झाला तो फिटरनंच केला. त्या वेळी निघायची छाती झाली नाही, हे तो स्वतः सांगतो. फटफटल्यावर मोटरसायकल काढून गेला. बारक्या नळ आणि गाडी यांच्यात फेऱ्या घालत होता. कॅनच्या कडीनं दोन्ही तळवे कापलेले. रात्रभरात एक हौद भरला असता एवढं पाणी त्यानं ओतलं असेल, पण गाडीखाली बोटभर ओल नव्हती. फिटरनं कॅन धरला तर सोडेना.

"अजून मागतायत," एवढंच म्हणाला.

त्याला बाजूला बसवून फिटरनं टाकी सोडवून हातात घेतली. आतून खडखडीत कोरडी. तो म्हणाला, तोंड उंदरानं कुरतडलंय. बारक्यानं टाकी उन्हाकडे धरली आणि बराच वेळ पाहत राहिला. मग खाली ठेवली.

ती टाकी फिटरच्या फळीवर आहे. मी पाहिलीय. प्लॅस्टिकच्या तोंडावर दातांच्या खुणा आहेत, माणूस तांब्याला तोंड लावतो तशा. वर चार.

खाली एकच. जरा तिरका.