व्हॅनखालच्या घोड्या

"या गाडीखालच्या घोड्या कोणी काढल्या?" पंक्चरकाकांनी विचारलं.

ते नुकतेच जेवून गॅरेजमध्ये परतले होते. टायरांच्या ढिगावर बसलेल्या तीन मुलांनी एकमेकांकडे बघितलं. सुट्टीचे बेत चालले होते. बेत म्हणजे काय, तर प्रोफेसरनं सुचवायचं आणि बारक्यानं खोडून काढायचं. नदी नको, तिथं चिखल. टेकडी नको, तिथं चढ. बारक्या दहा वर्षांचा आणि प्रोफेसर चौदाचा, चष्मा लावणारा. दोघं सख्खे भाऊ, मामाकडे सुट्टीला आलेले. तिसरी त्यांची मामेबहीण, तेरा वर्षांची. एका जागी कधी बसत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. गेला महिनाभर मात्र ती बसलेलीच होती.

"आम्ही हातसुद्धा लावला नाही," प्रोफेसर म्हणाला. "आत्ताच आलोय आम्ही."

"मग काय, घोड्यांना पाय फुटले?"

"पाय आहेतच की त्यांना," बारक्या म्हणाला. "तीन-तीन."

गॅरेजमधली घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी टेकू. जॅकचा दांडा फिरवून गाडी उचलायची, खाली घोड्या सरकवायच्या, मग जॅक थोडा उतरवून गाडीचं वजन घोड्यांवर टेकवायचं. जॅक उचलण्यापुरता, धरून ठेवायचं काम घोड्यांचं. हे भिंगरीला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं. गाडीखाली चेंडू गेला तरी बाबा तिला आत हात घालू देत नसत.

आणि त्याच बाबांवर महिन्यापूर्वी गाडी पडली. बेकरीवाल्याची गाडी नुसती जॅकवर होती आणि बाबा खाली होते. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. घोड्या भिंतीशी, आपल्या जागेवर सापडल्या. "राहून गेल्या लावायच्या," एवढंच बाबा म्हणाले. गल्लीत जो तो म्हणू लागला, इतका शिकलासवरलेला मिस्त्री, पण ऐन वेळी निष्काळजी निघाला. बाबांनी आता गॅरेजमध्ये पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं, आणि शेजारचे पंक्चरवाले काका तेवढ्यापुरते गॅरेज बघू लागले.

भिंगरी बाबांशी धड बोलत नव्हती. ती त्यांना जेवण नेऊन द्यायची, औषध द्यायची आणि तोंड फिरवून निघून यायची. बाबांचा पाय चिरडला याचं दुःख होतंच. पण बाबा तिला एक सांगत होते आणि स्वतः दुसरंच करत होते, हे तिला जास्त लागलं होतं.

"काका, तुम्ही घोड्या नक्की लावल्या होत्या?" तिनं विचारलं.

"लावल्या होत्या गं. म्हणजे, लावल्या असतील. वय झालं आता." काकांनी डोकं खाजवलं. घोड्या भिंतीशी होत्या. या गॅरेजच्या भिंतीवर आणि फरशीवर प्रत्येक अवजाराचा आकार पांढऱ्या रंगानं काढलेला होता. पान्याच्या आकारात पाना, घोडीच्या आकारात घोडी. आजोबांनी गॅरेज काढलं तेव्हाची ही शिस्त. आजोबा, म्हणजे बाबांचे अण्णा, हल्ली काम करत नसत. सकाळी बाकावर बसून सगळ्यांना सूचना द्यायच्या, दुपारी घरी झोपायचं. कपाळावरचा चष्मा ते घरभर शोधत फिरायचे, तेव्हा सगळी हसायची आणि आजोबाही हसायचे.

प्रोफेसर घोड्यांपाशी उकिडवा बसला. "या पुसल्यात कोणीतरी. तेलाचा हातही फिरवलाय."

"मी नाही बाबा," काका म्हणाले. "काम अर्धं असताना अवजारं पुसत बसायला मला काय वेड लागलंय?"

भिंगरी उठून उभी राहिली. काकांच्या घोड्या जर अशा आपोआप भिंतीशी गेल्या, तर बाबांच्याही गेल्या असतील. बाबांनी लावल्या असतील. महिन्याभरात पहिल्यांदा ती धावली, थेट घरापर्यंत.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही घोड्या लावल्या होत्या ना? खरं सांगा."

"नव्हत्या लावल्या. किती वेळा विचारशील?"

"पण आज काकांच्यासुद्धा कोणीतरी काढल्या. पुसून जागेवर ठेवल्या."

बाबांच्या हातातला कप बशीवर वाजला. "कधी?"

"ते जेवायला गेले होते तेव्हा."

बाबांनी कप खिडकीत ठेवला. मग म्हणाले, "त्यांना सांग, जेवायला जाताना दोन्ही दारांना कुलूप लावा म्हणावं. आणि गाडीखाली जाण्याआधी वाकून बघा. आत्ताच लावल्यात, आठवतंय, असं म्हणायचं नाही. दर वेळी बघायचं. आणि तुम्ही मुलं या भानगडीत पडू नका."

"पण काढतंय कोण?"

"पडू नका म्हटलं ना." बाबांनी तोंड खिडकीकडे केलं. बाबा रागावले की समोर बघून रागावायचे. असं तोंड फिरवणं हा भिंगरीचा प्रकार होता, त्यांचा नव्हता.

निरोप काकांना पोचला आणि काकांनी तो झटकून टाकला. "चार पावलांवर माझं घर. कुलूप कशाला? तीस वर्षं गाड्यांत काढली मी, पोरांनी शिकवायचं राहिलं होतं." मोठ्या माणसांचं हे असंच असतं. तीस वर्षं काही झालं नाही, म्हणजे एकतिसाव्या वर्षी होणारच नाही, असा त्यांचा हिशेब.

"मला तर काकांचाच संशय येतो," प्रोफेसर संध्याकाळी म्हणाला. "मामा घरी बसला तर गॅरेज कोणाला मिळेल?"

"स्वतःच्या घोड्या स्वतःच काढून स्वतः गाडीखाली झोपतील होय?" बारक्या म्हणाला. शेवटी उद्या दुपारी माळ्यावर लपून पाळत ठेवायचं ठरलं. चोर सापडला की बाबांवरचा बट्टा पुसला जाईल, भिंगरीला बाकी काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी दूधवाल्याची व्हॅन जॅकवर घेतली. बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, एक चाक खोललं, घोड्या लावल्या आणि जेवायला गेले. तिघं माळ्यावर जुन्या सीटांच्या मागे पालथी पडली होती. धूळ इतकी, की बारक्यानं नाक दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

मागचं दार वाजलं. आजोबा आत आले.

"चष्मा विसरले असतील," बारक्या कुजबुजला.

आजोबांच्या खांद्यावर स्वच्छ फडकं होतं. ते व्हॅनभोवती एक फेरी मारून आले. "सामान कुठंही टाकतात," ते स्वतःशीच म्हणाले. "कोणाला शिस्त म्हणून नाही." मग ते गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि त्यांनी जॅकचा दांडा फिरवला. व्हॅन बोटभर वर गेली. त्यांनी एक घोडी ओढून काढली, पुसली, भिंतीशी तिच्या आकारात नेऊन ठेवली. मग दुसरी. तेलाची बुधली आणून त्यांनी जॅकच्या आट्यांवर तेल सोडलं. आणि मग जॅकच्या डोक्यावरही, जिथं गाडीचं वजन टेकतं तिथं.

"डोक्यावर तेल घालायचं नसतं ना?" प्रोफेसरनं विचारलं. "सरकेल की गाडी."

"आट्यांना तेल द्यायचं, डोकं कोरडं ठेवायचं," भिंगरी म्हणाली. "मला हे आजोबांनीच शिकवलंय."

कोणी दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं. इतक्या मायेनं फडकं फिरवणाऱ्या त्या हातांवर रागवायचं तरी कसं? खाली आजोबा समाधानानं सगळीकडे नजर फिरवून मागच्या नळावर हात धुवायला गेले.

एवढ्यात पुढच्या दारातून पंक्चरकाका शीळ वाजवत आले. खाली वाकून बघणं राहिलं दूरच, ते सरळ चाकं लावलेल्या फळीवर आडवे झाले आणि गाडीखाली सरकू लागले.

भिंगरीनं निम्म्या शिडीवरून उडी मारली. गुडघा फुटला, पण तिनं काकांचे दोन्ही घोटे पकडले आणि सगळं अंग मागे झोकून ओढलं. प्रोफेसरनं मागून तिला धरलं.

"अगं ए, काय चाललंय?" काका फळीसकट बाहेर आले आणि पाठोपाठ व्हॅन जॅकच्या डोक्यावरून घसरली. खोललेल्या चाकाची बाजू फरशीवर आदळली. फरशीला तडा गेला. क्षणापूर्वी काकांची छाती तिथं होती.

काकांनी बसल्या जागेवरून त्या तड्यात बोट घालून बघितलं.

मागच्या दारातून आजोबा धावत आले. त्यांच्या हातांचं पाणी अजून निथळत होतं. "काय झालं? जॅक सरकला? अरे, घोड्या कोणी काढल्या?"

ते खरोखरच विचारत होते. भिंगरीनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि तिला ते कळलं.

"मी काढल्या," ती म्हणाली.

बारक्यानं तोंड उघडलं, तसा प्रोफेसरनं त्याचा हात दाबला.

"तू?" आजोबा म्हणाले. "तुला एवढं शिकवलं आणि तू?" त्यांचा चेहरा इतका पडला, की भिंगरीला खाली बघावं लागलं. काकांनी तिचं मनगट धरलं आणि तिला तडक घरी बाबांपुढे नेऊन उभं केलं.

"विचारा हिला. जीव गेला असता माझा. वाचवलंही हिनंच, हे खरं. पण घोड्या काढायच्या म्हणजे काय खेळ आहे?"

बाबांनी काकांना पाणी प्यायला स्वयंपाकघरात पाठवलं. मग भिंगरीला जवळ बोलावलं. "तू काढल्यास?"

"हो."

"खोटं बोलतेस."

"तुमच्याकडूनच शिकले," भिंगरी म्हणाली, आणि महिनाभर दाबून धरलेलं रडू तिला एकदम फुटलं. बाबांनी तिचं डोकं छातीशी धरलं. तेही रडत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"पडल्या पडल्या दिसलं मला. जॅकचं डोकं तेलानं चमकत होतं, घोड्या पुसून भिंतीशी ठेवलेल्या. मी लावून जेवायला गेलो आणि परत आल्यावर वाकून बघितलं नाही. तेवढी चूक माझी. अण्णा धावत आले, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत विचारायला लागले, घोड्या का नाही लावल्यास रे? काय सांगणार होतो मी त्यांना?"

"पण आज काका मेले असते, बाबा."

बाबांचा हात तिच्या केसांवर थांबला. "खरंय," ते म्हणाले. "अण्णांना सांभाळायला गेलो आणि दुसऱ्याला गाडीखाली घालत होतो. गॅरेज बंद तरी करायला हवं होतं. कुबड्या दे."

त्या संध्याकाळी बाबांनी सगळ्यांसमोर, आजोबांचा हात हातात घेऊन, खरं सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला. पंक्चरकाका खाली मान घालून ऐकत होते. सांगून झाल्यावर आजोबांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"या हातांनी? माझ्या पोराचा पाय?"

बाबा म्हणाले, "तुम्हाला कळलं नाही, अण्णा."

"तेच तर," आजोबा म्हणाले. त्यांनी खिशातून मागच्या दाराची किल्ली काढली, भिंगरीच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटवली. "मी मागितली तरी द्यायची नाही. ओरडलो तरी नाही. कबूल?"

भिंगरीनं मान हलवली. तिनं किल्ली खिशात टाकली.

काकांनी मग तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "मी निष्काळजी, आणि या पोरांना अक्कल शिकवत होतो. उद्या सगळ्या गल्लीला सांगतो, मिस्त्रीनं घोड्या लावल्या होत्या म्हणून." आई म्हणाली, पोरांनी दोन घरं वाचवली, उद्याच आजोबांना डॉक्टरांकडे नेऊ. प्रोफेसरची मान एरवी ताठ झाली असती. आज तो चष्मा पुसत बसला. भिंगरी बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून राहिली. महिनाभर तोंड फिरवल्याबद्दल तिला माफी मागायची होती, पण बाबा म्हणाले, राहू दे गं.

सकाळी सगळी चहाला बसली होती. आजोबा अंघोळ करून आले, खुर्ची ओढली आणि बसता बसता थबकले.

"अरे, हे काय? पायाला काय झालं तुझ्या?"

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. बारक्यानं भावाकडे बघितलं. बाबा भिंगरीकडे बघत होते. काल संध्याकाळचं ते रडणं, ते हात उलटेपालटे करून बघणं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. उद्या पुन्हा. किल्ली भिंगरीच्या खिशात होती. गॅरेजच्या दोन्ही दारांना कुलूप होतं.

"गाडी पडली, आजोबा," भिंगरी म्हणाली. "घोड्या लावायच्या राहिल्या बाबांच्या."

"राहिल्या म्हणजे?" आजोबा बाबांकडे वळले. "इतकी वर्षं तुला शिकवलं, त्याचं हेच का?"

"चुकलो, अण्णा," बाबा म्हणाले.

आजोबांनी वाकून प्लास्टरवरून हात फिरवला. दुखतंय का, म्हणून दोनदा विचारलं. मग डोळे पुसून त्यांनी भिंगरीच्या गालाला हात लावला. "तू मात्र अशी चूक करायची नाहीस. तू शहाणी आहेस माझी."

"हो आजोबा," भिंगरी म्हणाली आणि त्यांच्या चहात साखर ढवळू लागली.