डाव्या बाजूचे दादा

कोरियातल्या गुन्सान बंदराच्या मागच्या गल्लीत गुक पिल-जुंगचं पीसी-बांग होतं. पोरं तासाच्या हिशेबाने संगणकासमोर बसत, पडद्यावर फुटबॉल खेळत, आणि पिल-जुंग त्यांना रामयॉनच्या गरम शेवया उकळून देई. त्याचं वय एकोणसाठ. तरी रविवार सकाळच्या फुटबॉल क्लबात तोच सगळ्यांत धाकटा, आणि जो धाकटा तोच सेक्रेटरी. चेंडूत हवा भरायची त्याने, पाण्याची पिंपं वाहायची त्याने, सूपवाल्या बाईला किती माणसं येतील ते कळवायचं त्याने. गुडघा गेल्यापासून खेळणं बंद झालं होतं. ओझी वाहणं मात्र बंद झालं नव्हतं.

"अरे पिल्या, पाणी आण! का विहीर खणायला गेलायस?" हाम काका खुर्चीतून ओरडत. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे. क्लब त्यांनीच काढलेला. खेळ संपला की सगळे सूपच्या दुकानात बसत आणि माक्कोल्लीच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, वाट्या भरल्या जात. थोरांसमोर सरळ तोंडाने पिणं शोभत नाही, म्हणून काकांसमोर सगळे मान बाजूला वळवून पीत. काका तेवढे समोर बघून गटागटा पीत. "मी ज्यांच्यासमोर मान वळवायची ती सगळी मंडळी टेकडीवर पुरलीत," असं ते खुशीत सांगत.

पिल-जुंगची एक बारीकशी इच्छा होती. एका वर्षाने मोठा असला तरी तो दादा, आणि धाकट्याला चुकूनही कुणी दादा म्हणत नाही, अशी तिथली रीत. आपल्याहून लहान कुणीतरी क्लबात यावं आणि एकदा तरी आपल्याला दादा म्हणावं, एवढंच त्याला वाटे. पण नवं कुणी येतच नव्हतं.

आलं ते संकट. बंदरापलीकडे उंच इमारती झाल्या, त्यांत लोक आले, त्या लोकांनी क्लब काढला, आणि त्या क्लबाला शाळेचं मैदान हवं झालं, तेही रविवारी सकाळीच. मुख्याध्यापकांनी तोड काढली: दोन्ही क्लबांनी एक सामना खेळावा. जिंकेल त्याचं मैदान. बरोबरी झाली तर जुन्यांचं. हरणाऱ्यांनी समुद्राच्या बांधाजवळच्या खडीवर जावं, जिथे चेंडू एकदा बाहेर गेला की चिखलात रुततो आणि भरती आल्याशिवाय परत मिळत नाही.

ते ऐकून हाम काका त्या दिवशी कुणावरही ओरडले नाहीत. तेव्हा सगळे घाबरले.

इमारतवाल्यांचा सेक्रेटरी मिन ग्यु-चान विमा कंपनीत होता. त्याने एक अट घातली. "बाहेरचा तरणा गडी कुणी घुसवायचा नाही. दोघांनीही आपापले खेळाडू तराजूत घालायचे. नाव आणि जन्मसालासकट."

तराजू म्हणजे संगणकावरच्या फुटबॉलसाठी खेळाडू जोखायचं साधन. खेळात कोणता गडी घ्यावा, कोणता सोडावा, हे पीसी-बांगमधली पोरं त्यात बघून ठरवत. खऱ्या सामन्याचं चित्रण दाखवलं तरी तराजू प्रत्येकाला शंभरपैकी गुण देई आणि खाली एका ओळीचा शेरा मारी.

पिल-जुंगने फोन खांबाला बांधून रविवारचा खेळ टिपला, दुपारी तराजूत घातला आणि निकाल सूपच्या दुकानात सगळ्यांना वाचून दाखवला. नसता वाचला तर बरं झालं असतं.

गोलरक्षक चू मासे विकायचा. त्याला अडतीस गुण आणि शेरा: "चेंडूकडे आदराने पाहतो."

"अरे, त्याच्या हातात जिवंत बांगडा टिकतो, चेंडू कसा टिकत नाही?" नो म्हणाला.

"बांगड्याला लाथ मारून पाठवत नाहीत माझ्याकडे!" चू म्हणाला. "आणि तुझं काय लिहिलंय ते वाच की!"

नो टॅक्सी चालवायचा. त्याचा शेरा होता: "वळण्याआधी समोरच्याला कळवतो."

पिल-जुंगपुढे वय लिहिलं होतं, अंदाजे त्र्याहत्तर. शेरा: "बाकावर बसला की संघ सुधारतो." हाम काका इतके हसले की त्यांची कवळी हातात घ्यावी लागली.

मग डाव्या बचावपटूची पाळी आली. डावीकडे दादा खेळत. अंगाने शिडशिडीत, गळ्यात पांढरा पंचा. खेळ सुरू व्हायच्या आधी येत आणि संपला की निघून जात; सूपला कधी थांबत नसत. त्या बाजूने आजवर कुणी पुढे गेल्याचं पिल-जुंगला आठवत नव्हतं.

बचाव: शहाण्णव. दम: मोजता आला नाही. वय: रिकामं. वाढीला वाव: भरपूर.

"या वयात वाढीला वाव?" चू म्हणाला. "बिघडलाय तुझा तराजू."

नावाचा चौकोन लाल होऊन लुकलुकत होता. नाव घातल्याशिवाय तराजू पुढे सरकेना.

"चू दादा, डावीकडच्या दादांचं नाव काय हो?"

"मला काय माहीत? नोने आणलंय ना त्यांना."

"मी?" नो म्हणाला. "मी आलो तेव्हा ते होतेच. हाम काकांच्या ओळखीतले असतील."

चूक तशी कुणाचीच नव्हती. दादा म्हटलं की नावाची गरज पडत नाही, आणि इतक्या वर्षांनी नाव विचारायचं म्हणजे तोंडावर अपमान करायचा. पिल-जुंग काकांकडे वळला.

"काका, तुम्हाला तरी ठाऊक असेल."

काका कवळी पुसत होते. "दादांचं नाव? नाही बुवा. मी क्लब काढला तेव्हा दादा होतेच."

"पण काका, तुम्ही त्यांना दादा का म्हणता?"

"म्हणजे काय?" काकांना प्रश्नच कळला नाही. "मोठे आहेत ते."

टॅक्सीवाल्या नोने हिशेब करायला बोटं उचलली आणि मग ती हळूच खिशात घातली. सूपवालीने भांडी आपटली तेव्हा सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागले.

सामन्याच्या सकाळी पिल-जुंगने धीर केला. दादा गोलाजवळ वाकून बुटाची नाडी बांधत होते. बूट कापडी होते. असले बूट त्याने लहानपणी दुकानात पाहिले होते.

"दादा, माफ करा हं. विचारायला लाज वाटते. पण नाव लिहायचंय, नाहीतर ते तुम्हाला खेळू देणार नाहीत. तुमचं नाव काय?"

दादा हसले. चेहरा छान होता. पण नजर हटवली की तो चेहरा आठवत नसे.

"तुला सोपं वाटेल ते लिही," ते म्हणाले. "मला चालेल."

पलीकडून मिन एका हाताने खुणावत होता. चू बळेच हात झटकून गोलरक्षक असल्यासारखा दिसायचा प्रयत्न करत होता. दादा नसले तर पाच-सहा गोल ठरलेले होते, आणि पुढच्या रविवारी खडी. पिल-जुंगने विचार केला: माझं नाव तसंही बाकावर पडून आहे. त्याने लाल चौकोनात लिहिलं, "गुक पिल-जुंग", आणि आपलं जन्मसाल घातलं. चौकोन हिरवा झाला.

दोन्ही सेक्रेटरींनी एकमेकांचे संघ फोनवर पाहिले. इमारतवाल्यांच्या डाव्या बचावापुढे नाव होतं मिन ग्यु-चान. मिन तर कोट घालून, एक हात गळ्यात बांधून समोर उभा होता.

"तुम्ही खेळणार?" पिल-जुंगने विचारलं.

"तुम्ही खेळणार?" मिनने विचारलं.

दोघांनीही फोन खिशात घातले.

शिट्टी झाली.

आपला डावा बचाव आणि समोरच्यांचा डावा बचाव मैदानाच्या तिरक्या टोकांना असतात. एकमेकांसमोर ते कधी येत नाहीत. हे पिल-जुंगला आजवर सुचलं नव्हतं, कारण सुचायची गरज पडली नव्हती.

आपल्या टोकाला दादा होते, गळ्यात पांढरा पंचा.

त्याने पलीकडच्या तिरक्या टोकाला पाहिलं.

तिथेही पांढरा पंचा होता.

शेजारी मिनही तिकडेच बघत होता. "उन्हामुळे दिसतंय," मिन म्हणाला. आभाळ भरलेलं होतं.

डावीकडून आपल्यावर कुणी येऊ शकलं नाही. त्यांच्या डावीकडून त्यांच्यावर कुणी जाऊ शकलं नाही. एकदा उजवीकडून सरळ चेंडू आला. चूने डोळे मिटले, आणि चेंडू त्याच्या पोटावर आपटून बाहेर गेला. शून्य-शून्य. बरोबरी. मैदान राहिलं.

पिल-जुंग लहान पोरासारखा नाचला. धावत डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे कुणी नव्हतं. परतताना त्याच्या लक्षात आलं की आपण धावतोय आणि गुडघा दुखत नाहीये.

सूपच्या दुकानात नुसता गोंगाट होता. पिल-जुंग आत शिरला तसा तो थांबला. नो उठून उभा राहिला.

"या, या! आज थांबलात! बसा, वर बसा."

"नो दादा, आता पुरे," पिल-जुंग हसला. "पाणी कुणाला हवंय?"

"छे छे, तुम्ही कशाला? पिल्या आणेल. कुठे उलथलाय हा पिल्या?"

सूपवालीने त्याच्यासमोर सगळ्यांत आधी वाटी ठेवली. तिने आजवर त्याला कधी आधी वाढलं नव्हतं. चू जवळ सरकला, मान खाजवली, आवाज खाली आणला.

"दादा, रागावू नका हं. इतकी वर्षं झाली, विचारायला लाज वाटते. पण तुमचं नाव काय?"

पिल-जुंगने तोंड उघडलं. नाव जिभेच्या टोकावर होतं, पण येईना. सकाळीच तर लिहिलं होतं.

त्याने गळ्याशी हात नेला. हाताला ओलसर पंचा लागला.

"काका," तो म्हणाला, "हाम काका, तुम्ही सांगा ना यांना."

हाम काका गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी त्याची वाटी भरली, मग आपली उचलली, आणि मान बाजूला वळवून प्यायले.