अकरा तुकड्यांचा कोट

आमच्या कंपनीत जग रोज संपतं. सकाळी दहाला संपायला लागतं, मध्ये चहाची सुट्टी. गेमच तसा आहे: शहरं बर्फाखाली गेलेली आणि उरलेली माणसं पडक्या घरांतून कपडे नि खाण्याचे डबे शोधत हिंडतात. त्यांचे कपडे मी शिवते. खरे, कापडाचे. ते पुतळ्यावर चढवायचे, चहूबाजूंनी दोनेकशे फोटो काढायचे, की कॉम्प्युटर त्यांचा गेममधला कपडा करतो.

कपड्यांवरून मला माणसांचा हिशेब लागतो. मालकाचं एक बटण कधी योग्य काजात नसतं, म्हणून मनात मी त्याला घाईराव म्हणते. दुसरा चुकामास्तर. चाळिशीचा गृहस्थ, दिवसभर गेम खेळतो आणि कुठं काय बिघडलं ते लिहून काढतो. स्वतः स्वेटर उलटा घालून आला तर मात्र त्याला पत्ता नसतो.

धाकट्या भावाचा कोट कोपराला विरला होता, म्हणून दुरुस्तीला मी तो इथं आणला. धाकटा तीन वर्षांपूर्वी माझ्याशी भांडून घरातून गेला. भर थंडीत, कोट न घेता. "गेलास तर परत तोंड दाखवू नकोस," असं मीच म्हणाले होते. म्हणाले खरी, पण दर हिवाळ्यात कोट काढून उन्हात घालत होते. आला की लागेल ना त्याला.

घाईरावाची नजर पडली. "मावशी, हा द्या. असला वापरलेपणा शिवून येत नाही. अख्ख्या गेममध्ये एकच ठेवू. ज्याला सापडेल त्याचा."

"तो ज्याचा आहे त्याचाच आहे."

"एक दिवस फक्त."

"एक तासही नाही."

दुसऱ्या दिवशी माझी रजा होती. तिसऱ्या दिवशी आले, तर टेबलावर अकरा तुकडे. अस्तराची बाजू फोटोत नीट यावी म्हणून कोट उसवला होता. उसवला म्हणते हा माझा सभ्यपणा. ब्लेडनं चिरला होता. पाठ, बाह्या, कॉलर, खिसे, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी.

"शिवून टाका की, मावशी. तुमच्या हातचा मळ," घाईराव म्हणाला.

"तुमची कातडी अशीच उसवते आणि मग शिवून देते. चालेल?"

मी तुकडे गोळा करायला लागले.

"तो कोट गेममधून काढा. आजच."

"बघू." घाईरावाचं बघू म्हणजे नाही.

संध्याकाळी दात-ओठ खात मी पाठ आणि उजवा खांदा कच्च्या टाक्यांनी जोडला. हाताला लागला तो हिरवा दोरा घेतला.

सकाळी चुकामास्तर माझ्या मशीनपाशी आला. "मावशी, गेममध्ये कोट ज्या पेटीत लपवला होता, त्यात तो नाहीये."

"घेतला असेल कुणीतरी."

"पेटी मीच पहिल्यांदा उघडली. चला, बघा."

खेळणारे पाच जण होते आणि पाचही जण त्याच खोलीत बसले होते. पडद्यावर बर्फात माणसं सहा. मी पुन्हा मोजली. सहा. पाचांच्या डोक्यावर नावं होती. सहावा लांब उभा होता, आमच्याकडे पाठ करून. अंगात तो कोट. नाव नाही.

"जवळ ने."

"जितका जवळ जातो, तितकाच तो लांब सरकतो." त्यानं चित्र मोठं केलं. उजव्या खांद्यावर हिरवे कच्चे टाके होते.

फोटो परवाचे. टाके कालचे.

सहावा एक खांदा किंचित वर करून उभा होता. लहानपणी मार चुकवताना धाकटा असाच उभा राहायचा. लोकांना अशा वेळी भीती वाटते म्हणे. मला संताप आला. तीन वर्षांनी दिसतोस, आणि तोही पाठ करून?

मी घाईरावाला दंडाला धरून पडद्यापाशी आणलं. त्यानं एकदा पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काढा," मी म्हणाले. "आत्ता."

"काढ, काढ," तो चुकामास्तरावर ओरडला.

चुकामास्तरानं कोट पुसला.

कोट गेला.

माणूस राहिला.

अंगात नुसता सदरा. पाठ अजून आमच्याकडेच.

"हा कुणी बनवला?" घाईरावानं विचारलं. कोट आम्ही बनवला होता. आतला माणूस कुणीच बनवला नव्हता.

चुकामास्तर घड्याळाकडे बघत होता. "अंगावर गरम कपडा नसला की चार मिनिटं. मग गोठून पडतो आणि नाहीसा होतो. गेमचा नियमच आहे. सुटलो, मावशी."

"सुटलो? कोट घाल परत त्याच्या अंगावर!"

"पुसला ना. परत आणायला दोन तास लागतील."

"तुम्हीच म्हणालात काढा म्हणून," घाईराव म्हणाला.

हो. मीच. भर थंडीत, दुसऱ्यांदा.

चार मिनिटं झाली. तो उभाच.

पाच. सात.

अकरा मिनिटं झाली, तेव्हा मी श्वास सोडला. "बघ, कसा चिवट आहे. आमच्या घरात सगळे असेच."

चुकामास्तर हसला नाही. "मावशी, गोठतो तो जिवंत माणूस. जो आधीच..."

पुढचं त्यानं गिळलं. सापडलेली चूक त्यानं लिहून ठेवली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

मी मशीनवर जाऊन बसले. तिथून पडदा दिसत होता. तुकडे पुढ्यात ओढले, उजवी बाही खांद्याच्या मुंढ्याला लावली आणि पाय पायट्यावर ठेवला.

मशीन चालू झालं.

पडद्यावर, मागे वळून न बघता, त्यानं उजवा हात मागे केला. बाहीचं तोंड शोधत तो हात तसाच थांबला.