तुळजा लेण्याचं छत

तुळजा लेण्याच्या गोल दालनात एक मुलगी उताणी पडलेली दिसली, तसा गोरख दारातच थबकला. मग धावत गेला आणि बाटलीतलं पाणी त्यानं तिच्या तोंडावर मारलं.

ती ताडकन उठून बसली. "अहो! काय करताय हे?"

"मला वाटलं... चक्कर आली तुमाला."

"छत बघतेय मी!"

तिचं नाव स्नेहल. आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरच्या शेतकऱ्याची लेक, पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. गोरख तळेघरचा, जुन्नरच्या शाळेत चित्रकला शिकवणारा. साल अठ्ठ्याण्णव, थंडीतली दुपार.

ओशाळलेल्या गोरखनंही मान वर केली. खांबांच्या वर्तुळावर अख्ख्या कातळाचा घुमट! "इतक्यांदा आलो, पण वर कधी बघितलंच न्हाई," तो म्हणाला.

"वर्गात प्रोजेक्टसाठी कुणी रोमचा घुमट निवडलाय, कुणी इराणातल्या इस्फहानच्या मशिदीचा. मी हा निवडला, तर सगळे हसले. तिकडं घुमट रचत वर नेला. आपल्या माणसांनी डोंगर आतून कोरला! घाव चुकला असता, तर दुसरा दगड लावायची सोय नव्हती."

बोलताना तिचे डोळे लकाकत होते. गोरखला छताचा विसरच पडला.

"मापं घेताना टेपचं टोक धरायला... कुणी लागंल का?"

"लागेल की. पाणी न मारणारं."

मग तो दर रविवारी येऊ लागला. मापं संपली, रविवार काही संपेनात. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मे महिन्यात कॉलेजात प्रदर्शन भरलं. गोरख एसटीनं पुण्याला गेला. इटलीत शिकवणारे एक परीक्षक स्नेहलच्या चित्रासमोरून हलेचनात.

"हे कुठल्या देशातलं?"

"आमच्या जुन्नरचं, सर!" स्नेहल खणखणीत म्हणाली.

मागं उभ्या गोरखच्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी ती फाटकापाशी आली. "मला इटलीला बोलावलंय. दोन वर्षं शिकायला. तू नको म्हणालास तर—"

"मी कशाला नको म्हणू? आंबेगावची पोरगी रोमचं छत मोजणार! लई अभिमान वाटतोय, स्नेहल." मग त्याचा आवाज उतरला. "फक्त... करमायचं न्हाई मला."

"मग मी जायच्या आधी घरी माझ्या आप्पांना भेटायला ये. घरच्यांना घेऊन."

"कशाला?" त्यानं मुद्दाम विचारलं.

"कशाला काय! गोरख मला आवडतो, हे काय मीच सांगू?"

"सांगितलंस की आत्ता."

ती लाजली... क्षणभरच. मग ताठ मानेनं म्हणाली, "हो, सांगितलं!"

आणि फाटकातून बाहेर पडणारी वर्गातली सगळी पोरं बघत असताना तिनं त्याचा हात धरला.